आधी रुंदी, मग हवा, नक्षी शेवटी

कोहमाऱ्याच्या चौकात चार दिशांचे रस्ते एकत्र येतात. राष्ट्रीय महामार्ग ५३ पूर्वेला देवरीवरून छत्तीसगडात जातो आणि पश्चिमेला साकोली, भंडारा करत नागपूर गाठतो. उत्तरेचा रस्ता मुरदोलीच्या जंगलातून गोरेगाव आणि गोंदियाकडे, दक्षिणेचा नवेगावबांधवरून अर्जुनी मोरगावकडे. सडक अर्जुनी तालुक्यातला माणूस सायकल घेऊन निघाला की बहुतेक वेळा यांपैकी एका डांबरी रस्त्याला लागतो. पण त्याचं काम तिथं संपत नाही. शेत, गाव, तलाव, मोहाची झाडं हे सगळं डांबर सोडल्यावर आहे. तिथं मुरमाचा गावरस्ता लागतो, गिट्टी अंथरलेली पांदण लागते, मामा तलावाची पाळ लागते, धानाच्या बांध्यांमधून जाणारी बैलगाडीची चाकोरी लागते.

त्यामुळे इथं टायर निवडताना ‘रस्त्याचा’ की ‘मातीचा’ असा प्रश्न विचारूनच चालत नाही. दहा किलोमीटरच्या फेरीत सात-आठ किलोमीटर डांबर असतं आणि उरलेले दोन-तीन किलोमीटर त्या फेरीचा निकाल लावतात. दुकानात गेलं की मात्र चर्चा उलट्या टोकानं सुरू होते. आधी टायरवरची नक्षी पाहिली जाते, मग किंमत, मग कंपनी. रुंदीचा विषय क्वचित निघतो आणि हवेचा तर टायर बसवून झाल्यावर. माझ्या मते हा क्रम पूर्ण चुकीचा आहे. मिश्र रस्त्यावर सायकल कशी चालेल हे सर्वांत जास्त टायरच्या रुंदीवर ठरतं, त्याखालोखाल त्यात किती हवा आहे यावर, आणि नक्षीचा नंबर बराच खाली लागतो. हे असं का, ते समजायला आधी पायाखालचा रस्ता पाहू.

मुरमाचा रस्ता चांगला दाबलेला असेल तर सायकलला तो फार त्रास देत नाही. पावसाळा सरला की दोन-तीन महिने तो जवळजवळ डांबरासारखा वागतो. मग ट्रॅक्टर फिरतात, वरचा थर सुटतो, आणि जानेवारीनंतर टणक तळावर बारीक खडे मोकळे पडलेले दिसतात. फरशीवर मोहरी सांडावी तशी ही अवस्था. वळणावर चाक सरकतं ते याच थरावर. गिट्टीच्या पांदणीची तऱ्हा वेगळी. खडीकरणात खालच्या थरांना साधारण ४५ ते ६३ मिलिमीटरची जाड गिट्टी वापरतात, तिच्यावर मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवतात. २०२१ मध्ये आलेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेनंतर पांदण रस्त्यांच्या कामाला राज्यभर चालना मिळाली. पण गिट्टी पसरल्यावर तिच्यावर मुरूम पडून दबाई होईपर्यंत जो काळ जातो, त्या काळात शेतकऱ्याला त्याच रस्त्यानं जावं लागतं. तिथला एकेक दगड सायकलच्या टायरपेक्षा मोठा असतो आणि ताज्या फुटलेल्या गिट्टीला धार असते. तिसरा प्रकार कन्हार जमिनीचा. कोरडी असताना ती दगडासारखी, भेगाळलेली. रोवणीच्या दिवसांत तीच चाकाला चिकटून मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरायचं थांबतं.

हवेचा टायर मुळात अशाच रस्त्यांसाठी जन्माला आला, हे आता बहुतेकांच्या लक्षात राहिलेलं नाही. बेलफास्टमधला जनावरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यानं आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला हवेच्या रबरी नळ्या बसवल्या, कारण भरीव चाकांची ती गाडी खडबडीत रस्त्यावर हादरे देत होती. १८८८ मध्ये त्यानं पेटंट घेतलं. (स्कॉटलंडच्या रॉबर्ट टॉमसननं तशीच कल्पना १८४५ मध्येच नोंदवली होती, पण तेव्हा सायकलच नव्हती आणि ती विस्मरणात गेली.) पुढच्याच वर्षी विली ह्यूम नावाच्या सायकलपटूनं हे टायर लावून बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या, आणि आरामासाठी केलेली वस्तू वेगवानही निघाली. यामागचं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. भरीव चाक दगडावर आपटतं तेव्हा सायकल आणि सायकलस्वार दोघंही उचलले जातात, आणि त्या उचलण्यात पायांनी दिलेली ताकद वाया जाते. हवेचा टायर दगडापुरता दबतो, दगड गिळतो, आणि बाकी सगळं सरळ पुढे जातं.

यातलं गणित सोपं आहे. समजा सायकल आणि माणूस मिळून ८० किलो. सरळ बसून चालवताना यातला साधारण ६० टक्के भार मागच्या चाकावर येतो, म्हणजे ४८ किलो. मागच्या टायरमध्ये ४० पौंड हवा असेल (आपल्याकडे दाब पौंडांतच बोलला जातो, म्हणजे दर चौरस इंचावर पौंड), तर तो दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.८ किलो होतो. ४८ किलो तोलायला असे सुमारे १७ चौरस सेंटिमीटर जमिनीला टेकले पाहिजेत. हवा ८० पौंड केली की ते क्षेत्र निम्म्यावर, साडेआठवर येतं. टायर अरुंद असो वा रुंद, दाब तोच असेल तर टेकणारं क्षेत्र जवळपास तेवढंच राहतं. फरक पडतो तो त्याच्या आकारात. अरुंद टायरचा टेका लांबट आणि चिंचोळा होतो, रुंद टायरचा आखूड आणि आडवा. लांबट टेक्यासाठी टायरच्या भिंतीला जास्त वाकावं लागतं, आणि रबर दर फेरीला वाकून सरळ होताना थोडी शक्ती उष्णता होऊन निघून जाते. सारख्याच दाबाचा, सारख्याच बनावटीचा रुंद टायर हलका चालतो तो यामुळे.

‘बारीक टायर पळतो’ ही समजूत शर्यतीच्या सायकलींवरून आली. तिच्यात तथ्य अगदीच नाही असं नाही. बारीक टायर वजनाला हलका असतो आणि वारा कमी अडवतो. पण युरोपातल्या मोठ्या शर्यतींचे व्यावसायिक सायकलपटूसुद्धा पंधरा-वीस वर्षांपूर्वी २३ मिलिमीटरचे टायर वापरायचे आणि आज २८ किंवा त्याहून रुंद वापरतात, तेही गुळगुळीत डांबरावर. मुरूम-गिट्टीच्या लांब शर्यती आता स्वतंत्र खेळ झाल्या आहेत. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावची अशी शर्यत २००६ पासून होते आणि २०२२ पासून या प्रकाराचं जागतिक अजिंक्यपदही सुरू झालं. तिथं ४० मिलिमीटरच्या आसपासचे आणि त्याहूनही रुंद टायर दिसतात. कॅन्ससच्या त्या टेकड्यांमधला गारगोटीचा दगड धारदार आहे, टायरच्या बाजू कापतो. आपल्या नव्या पांदणीवरची गिट्टीही तेच करते.

आता गंमत अशी की आपल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेली काळी दांडीची सायकल आधीपासून ४० मिलिमीटरच्या टायरवर चालत आली आहे. तिच्या टायरच्या बाजूवर २८ × १½ असं कोरलेलं असतं आणि नीट पाहिलं तर शेजारी ४०-६३५ हा आकडाही सापडतो. हा दुसरा आकडा खरा कामाचा. पहिली संख्या टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरी रिमच्या ज्या कडेवर टायर बसतो तिचा व्यास, तोही मिलिमीटरमध्ये. ही पद्धत आयएसओ ५७७५ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे आणि जवळजवळ प्रत्येक टायरवर छापलेली असते. इंचांचे आकडे मात्र फसवतात. नव्या हायब्रिड किंवा गिअरच्या सायकलला ७०० × ३८ लिहिलेला टायर येतो. त्यालाही काही जण २८ इंची म्हणतात, पण त्याचा व्यास ६२२ आहे. ६३५ च्या रिमवर तो १३ मिलिमीटरनं लहान पडतो, कितीही ओढला तरी चढत नाही. तसंच २६ इंचाचं. रेंजर पद्धतीच्या जाड टायरच्या सायकलला ५५९ व्यास लागतो आणि २६ × १⅜ लिहिलेल्या लेडीज सायकलच्या टायरचा व्यास ५९० असतो. दोन्ही ‘छब्बीस’. साकोलीहून किंवा गोंदियाहून टायर मागवायचा असेल तर इंच सांगू नका. जुन्या टायरच्या बाजूची धूळ ओल्या फडक्यानं पुसा आणि मधे आडवी रेघ असलेली ती जोडसंख्या वाचून सांगा. एक फेरी वाचते.

व्यास सायकलनं ठरवलेला असतो, तो बदलत नाही. रुंदी मात्र काही प्रमाणात आपल्या हातात असते, आणि तिची मर्यादा चिमटा सांगतो. चाक जागेवर असताना टायर आणि चिमट्याच्या दांड्या यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी, आणि टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये वर, किमान सहा मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. शाळेची एक पेन्सिल त्या जागेत सरकवून पाहता येतं, ती जेमतेम जात असेल तर त्याहून रुंद टायर घालू नये. बहुतेक हायब्रिड सायकलींमध्ये ३८ ते ४२ आरामात बसतो. रेंजर प्रकारात ५० पर्यंत जागा असते. शर्यतीच्या धर्तीवरच्या, वाकड्या हँडलच्या जुन्या सायकलीत २८ च्या पुढं जागाच नसते. ती सायकल महामार्गावर देवरीपर्यंत छान जाईल, पण नवेगावबांधच्या पाळेवर ती हातात धरून न्यावी लागेल, आणि त्याला टायर बदलणं हा उपाय नाही.

माझा कौल सरळ आहे. सडक अर्जुनी, गोरेगाव, अर्जुनी मोरगाव या पट्ट्यात डांबर आणि मुरूम दोन्हींवर चालणाऱ्या सायकलला ३८ ते ४५ मिलिमीटरचा टायर घ्यावा. ज्याच्या रोजच्या वाटेवर मोकळी गिट्टी आहे त्यानं सायकलीत मावेल तेवढा रुंद घ्यावा, पन्नासपर्यंतही. एक अपवाद आहे, तो चिखलाचा. कन्हारच्या चिखलात रुंद टायर जास्त माती उचलतो आणि मडगार्ड भरतो. चिखलातल्या शर्यतींना म्हणूनच रुंद टायर चालत नाहीत, तिथं नियमानंच ३३ मिलिमीटरची मर्यादा आहे आणि चिमट्यात भरपूर मोकळी जागा ठेवतात. पण श्रावणातल्या बांधीच्या वाटेवर कोणताच टायर नीट चालत नाही. त्या दीड-दोन महिन्यांसाठी बाकीच्या दहा महिन्यांचा टायर अरुंद करणं परवडत नाही.

रुंदी ठरली की हवेचा प्रश्न येतो, आणि बहुतेक सायकली इथंच बिघडतात. पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरची नळी लावली की टायर दगडासारखा होईपर्यंत हवा भरायची आणि अंगठ्यानं दाबून ‘झालं’ म्हणायचं, ही रीत आहे. अंगठ्याला २५ आणि ४० पौंडांतला फरक कळतो, ४० आणि ६० मधला कळत नाही, कारण जाड भिंतीच्या टायरवर दोन्ही सारखेच कडक लागतात. टायरवर जो आकडा छापलेला असतो तो वरची मर्यादा असते. तेवढी हवा भरा असा सल्ला तो देत नाही. फ्रँक बर्टो या अमेरिकन अभियंत्यानं वेगवेगळ्या रुंदीचे टायर वेगवेगळ्या भाराखाली किती दबतात ते मोजलं, आणि भार पडल्यावर टायर त्याच्या उंचीच्या साधारण १५ टक्के दबावा हा त्याचा निष्कर्ष आता जगभर वापरला जातो. ८० किलोच्या आपल्या उदाहरणात ४० मिलिमीटरच्या मागच्या टायरला यासाठी सुमारे ४० पौंड पुरतात आणि पुढच्याला तीसच्या आतबाहेर. २८ मिलिमीटरच्या टायरला त्याच भाराखाली मागे पंचाहत्तरच्या वर लागतात. अरुंद टायर गिट्टीवर का आपटतो ते या एका तुलनेत आहे.

आता अडचण ही, की दांडीच्या सायकलीला जो जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्ह असतो, रबरी वॉलट्यूब चढवलेला, त्यावर साधं गेज लावून दाब मोजता येत नाही. मग मोजपट्टी वापरायची. कंपासपेटीतली पट्टी मागच्या चाकाशेजारी जमिनीवर उभी धरा आणि जमिनीपासून रिमच्या खालच्या कडेची उंची वाचा. मग चालवणारा सायकलवर नेहमीसारखा बसेल, भिंतीला हात टेकून, पाय पायडलवर. पुन्हा वाचा. ४० मिलिमीटरच्या टायरला हा फरक सहा मिलिमीटरच्या जवळपास यायला हवा. दोनच आला तर हवा जास्त झाली आहे, थोडी सोडा. दहा आला तर कमी आहे, आणि अशा चाकानं गिट्टीवर गेलात तर दगड आणि रिम यांच्या चिमटीत ट्यूब सापडून शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. अशी जोडचीर दिसली की काटा शोधत बसू नये, हवा कमी होती एवढंच तिचं कारण. एकदा योग्य दाब जमला की त्या सायकलीचा, त्या माणसाचा ‘अंगठा’ तयार होतो आणि रोज पट्टी लावावी लागत नाही.

उन्हाळ्यात टायर फुटतो म्हणून हवा निम्मी ठेवणारे लोक मी सगळीकडे पाहतो. हिशोब करून पाहू. सकाळी २५ अंशाला ४० पौंड भरलेला टायर दुपारी ४५ अंशाला जेमतेम ४४ वर जातो. उन्हात उभा राहून रबर ६५ अंशापर्यंत तापलं तरी ४७ च्या आसपास. धडधाकट टायर एवढ्यानं फुटत नाही. फुटतो तो आधीच वर्षानुवर्षं उन्हात तडकलेला, आतले धागे तुटून एका जागी फुगीर झालेला. असा फुगवटा दिसला की तो टायर काढून टाकायचा, मग महिना मे असो की डिसेंबर. मेच्या दुपारी भरल्या टायरची सायकल सावलीत लावणं पुरेसं आहे.

नक्षीबद्दल लोक सर्वांत जास्त बोलतात म्हणून ती शेवटी ठेवली. मोटारीच्या टायरला खाचा असतात त्या पाणी बाहेर काढायला, म्हणजे ओल्या रस्त्यावर चाक पाण्याच्या थरावर तरंगू नये म्हणून. सायकलला हा धोकाच नाही. तरंगण्याचा वेग टायरमधल्या दाबावर अवलंबून असतो आणि विमानांच्या चाकांसाठी बनलेल्या सूत्रानं काढला तर ४० पौंड दाबाला तो ताशी शंभर किलोमीटरच्या वर येतो. त्यात सायकलचा टेका इतका लहान आणि गोलसर की पाणी बाजूला सरतंच. म्हणून डांबरावर, भर पावसातही, जवळजवळ गुळगुळीत टायर उत्तम पकड देतो. मोठी बटणं असलेला टायर तिथं उलट वाईट, कारण रस्त्याला फक्त बटणांची टोकं टेकतात, वळणावर ती लवतात, आणि सपाट रस्त्यावर घूं घूं करत पायांची ताकद खातात.

मुरमावर काय? तळ टणक आणि वर मोकळे खडे असतील तर बटणं खड्यांमध्ये रुततही नाहीत आणि तळही धरत नाहीत. तिथं कामाला येते ती कमी हवा आणि रुंद टेका. बटणांचा खरा उपयोग मऊ जमिनीत होतो. ओली माती, रेती, पालापाचोळा यांत ती रुतून ढकलतात. म्हणून मिश्र रस्त्याला मधोमध गुळगुळीत किंवा अगदी बारीक दाणेदार पट्टा आणि दोन्ही कडांना थोडे उंच ठोकळे अशी नक्षी शोधावी. सरळ जाताना मधला पट्टा टेकतो, मुरमाच्या वळणावर सायकल कलली की कडेचे ठोकळे लागतात. असा टायर मिळाला नाही तर साध्या बारीक रेघांचा घ्यावा. ‘बटन टायर’ दिसायला दणकट म्हणून कोणी घेत असेल, तर तो पैसे देऊन रोजची दमछाक विकत घेतो आहे.

काट्यांचा विषय मात्र या भागात सगळ्यांत जिव्हाळ्याचा. धानाच्या धुऱ्यांवर बाभळी आहेत, त्यांची छाटणी होते, फांद्या बैलगाडीतून वाटेवर सांडतात, आणि एकेक काटा दोन-दोन इंचांचा, वाळल्यावर खिळ्याइतका ताठ. बोरीचा काटा लहान पण वाकडा. माळावरचा सराटा तर कसाही पडला तरी एक टोक वर ठेवतो. महामार्गाच्या कडेला चौथा शत्रू आहे. ट्रकचे टायर फुटतात तेव्हा त्यांच्या आतल्या पोलादी तारांचे केसासारखे तुकडे कडेच्या पट्टीवर विखुरतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, टायरमध्ये घुसून बसतात आणि ट्यूब बदलली तरी पुन्हा पुन्हा पंक्चर करतात.

म्हणून पंक्चर काढताना ट्यूबइतकंच लक्ष टायरकडे द्यायचं. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा सापडला की त्या जागेवर खूण करून ट्यूब टायरशेजारी धरायची, व्हॉल्व्हपासूनचं अंतर जुळवायचं, म्हणजे टायरवर कुठं शोधायचं ते कळतं. मग कापसाचा बोळा किंवा जुन्या धोतराचं फडकं टायरच्या आतून हलकेच फिरवायचं. तार असेल तिथं कापूस अडकतो. बोट फिरवलं तर बोट कापतं. तार नखानं निघत नाही, चिमट्यानं आतून ढकलून बाहेरून ओढावी लागते. ट्यूबला रेजमाल मारून सोल्युशन लावलं की ते सुकून चकाकी जाईपर्यंत थांबायचं आणि मगच ठिगळ दाबायचं. घाईत ओलं असताना लावलेलं ठिगळ मेच्या उन्हात सुटतं, आणि दोष टायरवर जातो.

काट्यांवर उपाय तीन. पहिला, आत संरक्षक पट्टा असलेला टायर. नक्षीखाली रबराचा जाड थर किंवा केव्हलारसारख्या अॅरामिड धाग्यांचा पट्टा असतो. तो वजन वाढवतो, किंमतही, पण तारा आणि सराटे बऱ्यापैकी अडवतो. दुसरा, टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये बसवायची प्लास्टिकची पट्टी. स्वस्त, जुन्या टायरलाही चालते. तिची टोकं कडक असतील तर तीच ट्यूब घासून भोक पाडतात, म्हणून टोकं गोल कापून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळावी. तिसरा, ट्यूबमध्ये किंवा ट्यूबलेस टायरमध्ये घालायचं लॅटेक्सचं औषध, जे लहान भोक आतून बुजवतं. आपल्या उन्हात ते लवकर सुकतं आणि काही महिन्यांनी पुन्हा घालावं लागतं. बाभळीचा जुना वाळलेला काटा सरळ आत गेला तर यांतलं काहीच हमी देत नाही, पण दर आठवड्याचं पंक्चर दर दोन महिन्यांवर नक्की जातं.

ट्यूबलेसबद्दल विचारणा वाढली आहे, विशेषतः नागपूर-गोंदियाकडून नवेगावबांधला येणाऱ्या हौशी सायकलस्वारांकडून. कमी हवेत चालवता येतो, चिमटीतली चीर पडत नाही, गिट्टीवर सुंदर चालतो. ज्याला घरी तो बसवता येतो आणि ज्याच्या खिशात सुटी ट्यूब असते त्यानं जरूर वापरावा. गावात राहणाऱ्याला मी सुचवणार नाही. टायरची बाजू गिट्टीनं कापली तर औषध वाहून जातं, आणि तालुक्याच्या ठिकाणी तसा टायर, तसा व्हॉल्व्ह, तशी रिमपट्टी मिळेलच असं नाही. जवळच्या दुकानात ज्याची ट्यूब लटकलेली दिसते तो टायर, थोडा कमी दर्जाचा असला तरी, आठवडाभर वाट पाहायला लावणाऱ्या भारी टायरपेक्षा उपयोगाचा. लुधियाना आणि हैदराबादच्या कारखान्यांतून ४०-६३५, ३७-५९० आणि ५५९ व्यासाचे साधे नायलॉनचे टायर सगळीकडे पोचतात. ६२२ आता मोठ्या गावांत मिळतो. ५८४, म्हणजे साडेसत्तावीस इंचाचा, दिसायला नव्या सायकलींवर भरपूर आहे, पण घेण्याआधी त्याची ट्यूब कुठे मिळते ते विचारून ठेवावं. मुरदोलीच्या पट्ट्यात वन्यप्राण्यांचा वावर आहे, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प दोन्ही बाजूंनी जवळ आहे. सांजवेळी तिथं कडेला बसून पंक्चर काढायची पाळी येऊ नये, हा टायर निवडण्याचा एक स्वतंत्र निकष आहे.

आठवी ते बारावीच्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांत सायकली मिळतात. अशा सायकलीनं खेड्यातली मुलगी रोज मुरमावरून डांबरावर आणि डांबरावरून मुरमावर जाते-येते. तिचं वजन कमी, सायकल जड. तिला पूर्ण मर्यादेएवढी हवा भरून दिली तर मुरमावर चाक उडतं, हात दुखतात, ब्रेक लागत नाही. सायकल मिळाल्यावर शाळेतच एकदा कंपासपेटीची पट्टी लावून प्रत्येकीची हवा ठरवून दिली, आणि शाळेत एक पायपंप ठेवला, तर त्या सायकली दुसऱ्या वर्षी घरामागे गंजत पडणार नाहीत. यापेक्षा कमी खर्चाची सुधारणा मला सुचत नाही.

उलट टोकाला धानाचा कट्टा. कॅरियरवर ४० किलोचा कट्टा ठेवला की तो जवळपास सगळा मागच्या चाकावर येतो. ४८ चे ८५ किलो होतात, आणि १५ टक्क्यांच्या हिशोबानं ४० मिलिमीटरच्या टायरला पाऊणशे पौंडांच्या आसपास लागतील, जे साध्या टायरला झेपणारे नाहीत. अशा वेळी टायरवर लिहिलेल्या मर्यादेपर्यंत हवा भरायची, डांबरावर चालवायची आणि मोकळी गिट्टी आली की उतरून ढकलायची. पुढच्या चाकात मात्र नेहमीचीच हवा ठेवायची. कट्ट्याचा भार पुढच्या चाकावर जवळपास येतच नाही, त्यात जास्त हवा भरली तर हँडल मुरमावर कुठंही वळतं.

मागचा टायर पुढच्यापेक्षा बराच लवकर झिजतो, कारण भारही त्याच्यावर आणि पायडलचा जोरही त्याच्यावर. झिजला की दुकानदार नवा टायर मागे बसवून देतो. तसं करू नये. पुढचा चांगला टायर काढून मागे घालायला सांगावा आणि नवा पुढे बसवून घ्यावा. मागचं चाक मुरमावर सरकलं तर सायकल डुलते आणि बहुधा सावरते. पुढचं सरकलं की सावरायला वेळच मिळत नाही. मजुरी दोन चाकांची पडते, ती द्यावी.